विसरणाऱ्या आईच्या घरात आधी काय बसवायचं

डिमेन्शियाचं निदान झालं की बहुतेक घरांत आधी कॅमेरा येतो. पडणाऱ्या माणसाला कॅमेरा सावरत नाही, आणि आईला मात्र पाळतीवर ठेवल्यासारखं वाटतं. तिला काहीही नवं शिकावं लागणार नाही, अशा वस्तूंपासून सुरुवात करा. तीही आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतानाच, तिला विचारून. एक वस्तू अंगवळणी पडायला निदान 15 दिवस द्या, मगच दुसरी आणा.

पहिला नंबर रात्रीच्या वाटेचा. पलंगापासून संडासापर्यंत दोन-तीन सेन्सरचे दिवे जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. प्रकाश पिवळसर आणि मंद हवा. पांढऱ्या झगझगाटात रात्री 2 वाजता सकाळ झाल्यासारखं वाटतं आणि अंघोळीची तयारी सुरू होते. सेन्सरचा रोख अंथरुणावर ठेवला तर नुसती कूस बदलली तरी दिवा पेटतो; पाय जिथे टेकतात तिथे रोख धरा. दिवा विझायची वेळ बदलता येत असेल तर दीड-दोन मिनिटांची करा, नाहीतर निम्म्या वाटेत अंधार होतो.

मग गॅस. पुण्यात कुणाकडे सिलिंडर असतो, कुणाकडे एमएनजीएल या कंपनीच्या नैसर्गिक वायूचा पाइप, आणि गळती ओळखणारा डिटेक्टर लावताना नेमकी इथेच चूक होते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणून डिटेक्टर जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटरवर. पाइपचा गॅस हलका. तिथे डिटेक्टर छताच्या खाली 30 सेंटिमीटरच्या आत. घेताना तो कोणत्या गॅससाठी आहे ते डब्यावर वाचून घ्या. नुसता भोंगा पुरत नाही, कारण तो ऐकून काय करायचं हे तिला ऐन वेळी सुचेलच असं नाही. गॅस आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह सोबत हवा, आणि तो गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच बसवा.

शेगडीला टायमर लावणार असाल तर आधी दोन-चार दिवस तिचा स्वयंपाक पाहा. वरण-भाताच्या कुकरला 25 मिनिटं लागत असताना टायमर 15 वर ठेवला, तर डाळ कच्ची राहते आणि ती पुन्हा पुन्हा शेगडी पेटवत बसते. इंडक्शन सुरक्षित वाटतो, पण तिची ॲल्युमिनियमची जुनी पातेली त्यावर तापतच नाहीत, आणि सपाट काचेवरची बटणं तिच्या हाताला ओळखीची नसतात. जन्मभराच्या सवयीची शेगडी सुरक्षित करून तीच ठेवणं आम्हाला अधिक योग्य वाटतं.

मुख्य दारावर चुंबकाचा सेन्सर लावा; दार उघडलं की तुमच्या फोनवर सूचना येते. त्याचा एक तुकडा दारावर, दुसरा चौकटीवर; दार बंद असताना दोन तुकड्यांत सेंटिमीटरभर अंतर पुरे. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, नीट मिटत नाही, आणि दार बंद असूनही ‘उघडं’ असा निरोप येतो. जूनमध्ये हे अंतर पुन्हा तपासा. सूचना रात्री 10 ते सकाळी 6 एवढ्याच वेळेत चालू ठेवा. दूधवाला, पेपरवाला, कामाच्या मावशी, प्रत्येकासाठी फोन वाजला तर चार दिवसांत तुम्हीच तो आवाज बंद कराल. बाहेरून कुलूप मात्र कधीच नको. आग लागली तर ती आतच अडकेल.

जीपीएस ट्रॅकर गळ्यात घातला तर ती काढून ठेवते. रोज मंडईत किंवा देवळात नेते त्याच पिशवीच्या अस्तरात तो शिवा. 2जीवर चालणाऱ्या ट्रॅकरमध्ये जिओचं सिम चालत नाही, ते नेटवर्क 4जीपासून सुरू होतं. ट्रॅकरमध्ये घराभोवती एक हद्द ठरवता येते, ती ओलांडली की फोनवर सूचना येते. ही हद्द 100 मीटरची ठेवली तर पेठांतल्या अरुंद बोळांत, घरात बसलेली असतानाही ती बाहेर गेल्याचं दिसेल. 300 मीटर ठेवा. पिशवी घरी राहिली तर ट्रॅकरही घरीच राहतो, म्हणून सोसायटीच्या वॉचमनकडे तिचा फोटो आणि तुमचा नंबर द्या. ती सापडत नसेल तर वाट न पाहता 112 लावा.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की राउटर बंद पडतो आणि दाराचा सेन्सर मुका होतो. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा. राउटरवर लिहिलेले व्होल्ट जुळतात का ते आधी बघा. दर महिन्याच्या 1 तारखेला दार स्वतः उघडून पाहा, दिव्यांसमोरून चालत जा, डिटेक्टरचं चाचणीचं बटण दाबा. सेन्सरमधल्या नाण्याएवढ्या बॅटऱ्यांची एक जोडी घरात कायम असू द्या, पण तिच्या गोळ्यांच्या डब्यापासून लांब, कुलपात. ती बॅटरी गोळी समजून गिळली गेली तर जिवावर बेततं.