पहिलं प्लेबुक चालवण्याआधीची तयारी

विदर्भ-मराठवाड्यात ‘यादी पे शादी’ असते. देण्याघेण्याची यादी ठरली की त्याच बैठकीत लग्न लागतं. सर्व्हरच्या दुनियेत हा क्रम उलटा असतो. दहा-बारा सर्व्हर हाताने उभे राहून चार वर्षं झालेली असतात, संसार सुरू असतो, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, आता हे सगळं अ‍ॅन्सिबलने करू. सर्व्हरवरची कामं फाईलमध्ये लिहून आपोआप करून घेण्याचं हे साधन, आणि अशा फाईलला म्हणतात प्लेबुक. कोणत्या सर्व्हरवर काय आहे याची यादी त्या दिवशी आठवते. हे लिखाण त्या दिवसासाठी आहे. म्हणजे तुमच्याकडे दहा-वीस लिनक्स सर्व्हर आहेत, आजवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरून कामं केलीत, आणि आता तीच कामं फाईलमध्ये लिहून काढायची आहेत, असं मी धरून चाललोय.

साधन कोणतं, यावर फार वेळ घालवू नका. क्लाउडवर मशीन, नेटवर्क, डिस्क जन्माला घालायची असेल तर टेराफॉर्म किंवा त्याचा खुला फाटा ओपनटोफू. मशीन उभं आहे आणि त्याच्या आत पॅकेज, कॉन्फिग, युजर, सर्व्हिस लावायच्या आहेत तर अ‍ॅन्सिबल. खोलीतल्या रॅकमध्ये कोरी मशीनं ठेवून त्यांच्यावर नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टम चढवायची असेल तर पीएक्सई आणि कॉबलरसारखं काही. गंमत म्हणजे कॉबलर आणि अ‍ॅन्सिबल दोन्हींची सुरुवात एकाच माणसाने, मायकल डीहानने केली. अ‍ॅन्सिबल २०१२ मधलं. पपेट आणि शेफ या तशाच दुसऱ्या साधनांमध्ये साधारणपणे प्रत्येक सर्व्हरवर एक एजंट (मदतनीस प्रोग्रॅम) बसवावा लागतो. अ‍ॅन्सिबलला समोरच्या मशीनवर एसएसएच आणि पायथन एवढंच पुरतं, म्हणून नवशिक्याने इथून सुरुवात करावी असं माझं मत.

आता यादी. साधनाची इन्व्हेंटरी (सर्व्हरच्या नावांची) फाईल नंतर, आधी कागद किंवा साधी स्प्रेडशीट. प्रत्येक सर्व्हरवर स्वतः जा आणि लिहा: नाव, आयपी, ऑपरेटिंग सिस्टम आणि तिची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, कोणत्या सर्व्हिस चालू आहेत, कोणते पोर्ट ऐकतायत, डिस्क किती भरली आहे, आणि हा सर्व्हर बंद पडला तर पहिला फोन कुणाचा येईल. हा शेवटचा रकाना लोक हसण्यावारी नेतात, पण मशीन किती महत्त्वाचं आहे ते त्याच रकान्यातून कळतं. मग प्रत्येक युजरचे क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, बघा. फक्त रूटचे (मुख्य युजरचे) नव्हे, सगळ्यांचे. शिवाय कॉन्फिगच्या ईटीसी फोल्डरमध्ये हाताने बदललेल्या फाईली शोधा. ज्यांच्या शेजारी ‘बॅक’, ‘ओल्ड’, ‘ओल्ड२’ अशी भावंडं नांदतायत, तिथे कुणाचा तरी हात फिरलेला आहे हे नक्की.

हे मी अनुभवावरून सांगतोय. एका जुन्या नोकरीत आम्ही एक सर्व्हर प्लेबुकने अगदी देखणा नव्याने उभा केला, जुना बंद केला आणि चहा प्यायला गेलो. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ग्राहकांना बिलं गेलीच नाहीत. बिलं पाठवणारी क्रॉनची एक ओळ कंपनी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या खात्यात होती, आणि ते खातं आम्ही ‘कचरा’ म्हणून प्लेबुकमध्ये घेतलंच नव्हतं. अ‍ॅन्सिबलने सांगितलं तेवढं चोख केलं होतं. सांगायचं आमच्याकडून राहिलं.

यादीत एक सर्व्हर राहून गेला तर काय होतं, याचं जगातलं सगळ्यात महागडं उदाहरण १ ऑगस्ट २०१२ चं आहे. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. सातांवर चढला, आठव्यावर राहिला, आणि तपासायला दुसरा माणूस नव्हता. आठव्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या कोडने त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) पुन्हा वापरायला घेतला होता. बाजार उघडला, तो जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. त्याहून बोलका भाग पुढे आहे: गोंधळ निस्तरताना त्यांनी सात बरोबर सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला, आणि आग आणखी पसरली. कोणत्या मशीनवर काय आहे हे धडपणे माहीत नसलं की दुरुस्ती अशीच उलटी जाते. म्हणून यादीत ‘आत्ता कोणती आवृत्ती चालू आहे’ हा रकाना हवाच, आणि रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परतणं) म्हणजे नेमकं काय करायचं ते डिप्लॉयच्या (कोड चढवण्याच्या) आधी लिहिलेलं हवं.

पायथनचा रकाना का, तर अ‍ॅन्सिबल-कोर (त्याचा मूळ गाभा) २.१७ पासून समोरच्या मशीनवर पायथन ३.७ किंवा त्यापुढचं लागतं. सेंटओएस ७ वर मूळचं पायथन २.७ असतं, रेड हॅट ८ च्या घराण्यातल्या मशीनवर ३.६. तुमच्या ताफ्यात असली मंडळी असतील तर लॅपटॉपवर डोळे झाकून सगळ्यात नवं अ‍ॅन्सिबल घेऊ नका, २.१६ वर थांबा. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ लाच संपलाय, तेव्हा ती मशीनं हलवण्याचं काम वेगळ्या कागदावर मांडा. या कामात ते कालवू नका.

प्रवेशाची तयारी. ज्या मशीनवरून प्लेबुक चालणार ते विंडोज असून चालत नाही. विंडोज लॅपटॉप असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) उबंटू घ्या. प्रत्येक सर्व्हरवर या कामापुरता वेगळा युजर करा, त्याला एसएसएच की (पासवर्डऐवजीची किल्ली) द्या, आणि सुडोची (मुख्य युजरच्या अधिकाराने काम करण्याची) परवानगी ‘व्हीसुडो’ वापरूनच लिहा, कारण तो जतन करण्याआधी व्याकरण तपासतो. एसएसएच किंवा सुडोच्या फाईलला हात लावताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये एक लॉगिन उघडं ठेवा. दाराचं कुलूप बदलताना एकजण घरात असावा, तसंच. नव्या सर्व्हरला पहिल्यांदा जोडताना होस्ट की (त्या सर्व्हरची ओळख पटवणारी की) ओळखता का असा प्रश्न येतो. इंटरनेटवरचे बरेच जण ती तपासणीच बंद करायला सांगतात. करू नका. दहा-बारा मशीनच्या की एकदा खात्री करून साठवायला अर्धा तास पुरतो.

पासवर्ड. प्लेबुकं गिटमध्ये (फाईलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) जाणार, म्हणून डेटाबेसचा पासवर्ड, एपीआयच्या किल्ल्या पहिल्या दिवसापासून अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये (कुलूपबंद, एन्क्रिप्टेड फाईलीत), आणि व्हॉल्टचा पासवर्ड गिटच्या बाहेर, किमान दोन माणसांकडे. चुकून उघडा पासवर्ड गिटमध्ये कमिट (जतन) झालाच, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतोच. सरळ पासवर्ड बदला.

प्लेबुकं ज्यात लिहितात त्या यामल या फाईल-प्रकाराशी थोडी दोस्ती करून घ्या. टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. एडिटरला ते आधीच सांगून ठेवा. फाईलच्या परवानगीचा ०६४४ अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर आकड्याचा भलताच अर्थ लागू शकतो. अवतरण नसेल तर आवृत्ती १.१० ची १.१ होते, आणि ‘नो’ हा शब्द ‘असत्य’ म्हणून वाचला जातो. पहिल्या आठवड्यातला निम्मा वैताग इथलाच असतो.

सरावाला एक मशीन हवं, आणि त्यावर प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) आहे तीच ऑपरेटिंग सिस्टम, तीच आवृत्ती. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत मशीन चालवणारा प्रोग्रॅम) चालेल. कंटेनरवर सराव टाळा, त्यात बहुधा सिस्टमडी (सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) नसतं आणि सर्व्हिस सुरू-बंद करण्याचा भाग नीट तपासता येत नाही.

बॅकअप ‘आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, एकदा परत आणून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवून ठेवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचा डेटा पुसला. रोजचा बॅकअप शोधायला गेले, तर डेटाबेसच्या आवृत्त्या जुळत नसल्याने तो केव्हापासून गुपचूप फसत होता. साधारण सहा तासांपूर्वीची एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणीची प्रत) योगायोगाने हाती होती, तिने निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं, हे त्यांचं मोठेपण.

इथवर आलात की पहिला प्रयोग. सुरुवात ‘पिंग’ मॉड्यूलने (मॉड्यूल म्हणजे एका कामाचा तयार तुकडा) करा. नाव पिंग असलं तरी ते नेटवर्कचं पिंग नव्हे. लॉगिन होतंय का आणि पायथन सापडतंय का, ते बघून ‘पाँग’ असं उत्तर देतं. मग एक निरुपद्रवी प्लेबुक घ्या, समजा सगळीकडे घड्याळ जुळवणारं क्रोनी बसवायचं. आधी ‘चेक’ आणि ‘डिफ’ हे पर्याय लावून चालवा, म्हणजे काय बदलणार ते दिसेल. मात्र ‘शेल’ आणि ‘कमांड’ या थेट कमांड चालवणाऱ्या मॉड्यूलची कामं चेकमध्ये सहसा वगळली जातात, त्यामुळे चेक हिरवा म्हणजे सगळं हिरवं असं नाही. मग ‘लिमिट’ लावून एकाच सर्व्हरवर. अ‍ॅन्सिबल मुळात एका वेळी पाच मशीनवर काम करतं, म्हणून सुरुवातीला प्लेबुकमध्ये ‘सिरियल’ एक ठेवा, म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर. चूक झालीच तर एकावर होईल, बाकीचे वाचतील.

वेळ मंगळवारची किंवा बुधवारची सकाळ. सर्व्हर यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) आहेत का तेही बघून घ्या, कारण त्यांचा ‘रात्री दोन’चा क्रॉन आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो, नेमका तुम्ही हात घालायच्या तयारीत असताना.

झालं की तेच प्लेबुक त्याच सर्व्हरवर लगेच दुसऱ्यांदा चालवा. शेवटच्या ओळीत ‘चेंज्ड’पुढे शून्य दिसायला हवं. एक किंवा दोन दिसलं, तर काहीतरी दर वेळी नव्याने बदलतंय. ते काम बहुधा शेलने लिहिलेलं असतं, त्यासाठी नीट मॉड्यूल शोधा. शून्य आलं की स्प्रेडशीटमध्ये त्या सर्व्हरपुढे तारीख टाका आणि पुढचा सर्व्हर घ्या.