सर्व्हर रूममधील हवा आणि लॉगिन : या चुका टाळा

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात एप्रिलमधील दुपारी वीज गेली. यूपीएसमुळे सर्व्हर चालू राहिले, पण यूपीएसवर नसलेला एसी बंद पडला आणि ऑटो-रिस्टार्टची सोय नसल्याने वीज परत आल्यावरही तो बंदच राहिला. बंद खोलीत रॅक (सर्व्हर एकावर एक बसवण्याची चौकट) इतका तापला की सर्वांत वरचा सर्व्हर स्वतःहून बंद झाला, आणि नेमका तोच डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे सर्वांची खाती व पासवर्ड ठेवून लॉगिन तपासणारा सर्व्हर, होता. मी तापमानाचा डॅशबोर्ड उघडायला गेलो, तर त्याचे लॉगिनही त्याच डिरेक्टरीवर अवलंबून होते.

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. डॅशबोर्डवर आणि सर्व्हरच्या आयपीएमआय कन्सोलवर (सर्व्हर दुरून हाताळण्याची सोय) प्रत्येकी एक स्थानिक, म्हणजे डिरेक्टरीवर अवलंबून नसलेले, खाते असलेच पाहिजे. त्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून कपाटात ठेवावा आणि तो चालतो की नाही, हे दर तीन महिन्यांनी तपासावे. दुसरा डोमेन कंट्रोलर, म्हणजे जोडीचा डिरेक्टरी सर्व्हर, त्याच रॅकमध्ये ठेवल्यास तो असून नसल्यासारखा ठरतो. तापमानाची सूचनाही त्याच रॅकमधील मेल सर्व्हरवरून न पाठवता वेगळ्या जीएसएम मॉडेमवरून (सिम कार्डवर चालणारे उपकरण) एसएमएसने पाठवावी.

सेन्सर कुठे बसवला आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही. आमचा सेन्सर एसीच्या झोताखाली भिंतीवर होता आणि तो निवांतपणे २३ अंश दाखवत असे. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सुचवलेली १८ ते २७ अंशांची मर्यादा सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेची आहे. म्हणून सेन्सर रॅकच्या पुढच्या बाजूला खाली, मध्ये आणि वर असे तीन ठिकाणी हवेत. पुढची हवा थंड असूनही मागची नेहमीपेक्षा बरीच गरम येत असेल आणि सर्व्हरवरचा भार वाढलेला नसेल, तर आत अडथळा आहे असे समजावे: ग्राइंडिंगची धूळ, केबलचा गुंता किंवा बंद पडलेला पंखा. पुढचीच हवा तापली असेल, तर दोष एसीचा किंवा मागून परतणाऱ्या हवेचा असतो. रॅकमधील रिकाम्या जागेसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरावी; ती आपल्या दिशेने उडाली, तर गरम हवा पुढे येत आहे आणि तिथे ब्लँकिंग पॅनेल (रिकामी जागा झाकणारी पट्टी) लावायला हवे. पंखे जोरात फिरत आहेत म्हणजे हवा खेळती आहे, हा गैरसमज तर जवळपास सार्वत्रिक आहे.

तापलेला सर्व्हर आम्ही केबल काढून थंड होऊ दिला. तो सुरू झाल्यावरही लॉगिन होईना, तेव्हा सर्वांनी पासवर्डला दोष दिला. प्रत्यक्षात मदरबोर्डवरील सेल संपल्याने घड्याळ मागे पडले होते आणि कर्बेरॉस ही लॉगिन पडताळणारी पद्धत डीफॉल्टनुसार पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. पासवर्ड बदलत बसण्यापूर्वी वेळ पाहावी आणि लॉग वाचावा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये (मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी) एलडॅपच्या, म्हणजे डिरेक्टरीशी बोलण्याच्या प्रोटोकॉलच्या, त्रुटी क्रमांक ४९ सोबत ५३२ आल्यास पासवर्डची मुदत संपलेली असते, ७७५ आल्यास खाते लॉक झालेले असते. एलडॅपच्या सुरक्षित (एन्क्रिप्टेड) पोर्ट ६३६ वरील जोडणीच होत नसेल, तर सर्व्हरच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत पाहावी. ती तुटते म्हणून कायमचे साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या पोर्ट ३८९ वर जाणे म्हणजे पासवर्ड उघड्यावर पाठवणे होय.

कोणतीही नवी प्रणाली डिरेक्टरीला जोडल्यावर खरे नाव आणि रिकामा पासवर्ड टाकून एकदा पाहावे. काही डिरेक्टरी सर्व्हर अशी विनंती अनामिक समजून यशस्वी म्हणून परत पाठवतात, आणि बेसावध लिहिलेला डॅशबोर्ड त्या व्यक्तीला सरळ आत घेतो.