तारकर्ली-देवबागला पर्यटकांसाठी सदनिका बांधताय? या चुका टाळा

मालवण तालुक्यातील तारकर्ली-देवबाग परिसरात पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी आधुनिक सदनिका बांधू इच्छिणारे बहुतेक जण आराखड्यातली बाल्कनी आधी पाहतात आणि विहीर सर्वांत शेवटी. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. देवबाग म्हणजे अरबी समुद्र आणि कर्ली नदीची खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या विहिरींचे गोडे पाणी म्हणजे वाळूत झिरपलेला पाऊस, जो खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. ढोबळ नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी 1 फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने 40 फुटांपर्यंत वर सरकू शकते. भारतीय मानकांत हॉटेलच्या प्रत्येक खाटेमागे दिवसाला 180 लिटर पाणी धरले जाते. म्हणजे प्रत्येकी चौघांच्या आठ सदनिका भरल्या की रोजचा उपसा 5,760 लिटरवर जातो, आणि तोही ऐन मे महिन्यात. त्यातून शेजाऱ्याची विहीर मचूळ झाली, तर ते नुकसान पैशांनी भरून निघत नाही. म्हणून पाण्याची तपासणी दिवाळीत नव्हे, मे महिन्यात करावी, छतावरचे पाणी साठवावे आणि तरणतलावाचा हट्ट सोडावा. शोषखड्ड्याचेही तसेच आहे: वाळूत भूजल उथळ असते आणि मैला न गाळता विहिरीपर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे सांडपाण्यावरील प्रक्रियेचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

दुसरी चूक कागदपत्रांची. सातबाऱ्यावर मुंबईतल्या काका-आत्यांची नावे असताना एकाच हिस्सेदाराला विसार देऊ नये. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते, आणि खाडीच्या बाजूचे अंतर वेगळे मोजावे लागते. दोन्हीकडून मोजल्यावर अरुंद पट्टीत किती जागा उरते, हे मंजूर किनारा आराखड्यावर पाहिल्याशिवाय वास्तुविशारदाला कामाला लावू नये. याच अधिसूचनेत स्थानिकांना जुन्या घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता घरगुती निवास चालवण्याची मुभा आहे. माझ्या मते अनेक कुटुंबांसाठी नव्या इमारतीपेक्षा हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

बांधकामात शहरी नमुना जसाच्या तसा उचलला जातो. किनाऱ्याची वाळू काँक्रीटमध्ये वापरल्यास तिच्यातल्या क्षारांमुळे सळया आतून गंजतात आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. समुद्राकडे तोंड केलेल्या काचेच्या सरकत्या दारांतून झड थेट आत येते; उतरते कौलारू छप्पर आणि खोल पडवी हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय आहे. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर बसवू नये.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पावसाळ्याकडे. जलक्रीडा बंद, पर्यटक कमी, म्हणून सदनिका कुलूपबंद ठेवल्या जातात, आणि गणेशोत्सवाला दार उघडल्यावर गाद्यांना कुबट वास, कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी आणि गंजून अडकलेल्या कड्या समोर येतात. खिडक्या उघडून हवा खेळवायला, गाद्या उभ्या करायला आणि पन्हळी साफ करायला गावातलाच माणूस लागतो. त्याला हंगामापुरते न ठेवता बाराही महिन्यांचा पगार द्यावा, आणि तो पगार भाड्याचा दर ठरवतानाच हिशेबात धरावा.