खळ लागलेलं बोट आणि टी ४८० चा मुका चौकोन

नारायण पेठेत आमचं डीटीपी आणि पुस्तकबांधणीचं छोटं दुकान आहे. पुढच्या टेबलावर मी असते, मागे काका फर्मे दुमडतात. बिल काढायला काका लॅपटॉपशी येतात तेव्हा त्यांच्या बोटांना खळ असते. पासवर्ड टाकता टाकता एक अख्खा कीबोर्ड असा चिकटून गेला. म्हणून तपकीर गल्लीतून जुना थिंकपॅड टी ४८० घेतला, तेव्हा कीबोर्डशेजारचा बोट टेकवायचा चौकोन, म्हणजे ठसा वाचणारा फिंगरप्रिंट रीडर, बघून मला बरं वाटलं. एक बोट फडक्याला पुसायला काकांची हरकत नव्हती. पण त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकल्यावर त्या चौकोनानं तोंडच उघडेना.

पहिल्या संध्याकाळी मी केलेला मूर्खपणा तुम्ही करू नका. मी एफप्रिंटडी हा लिनक्सवर ठसे हाताळणारा प्रोग्राम टाकला, यंत्र सापडत नाही असं उत्तर आलं, तो काढून पुन्हा टाकला, चार वेळा रीस्टार्ट केलं. या सगळ्याआधी फक्त एक नंबर बघायला हवा होता.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडा आणि एलएसयूएसबी चालवा. (इथे मी आज्ञा देवनागरीत लिहितेय, टंकताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत.) रीडर बाहेरून लावलेला असो की लॅपटॉपच्या पोटातला, बहुतेक वेळा तो यूएसबीवरच बसलेला असतो आणि या यादीत दिसतो. प्रत्येक ओळीत कोलनच्या दोन बाजूंना चार-चार आकडे-अक्षरं असतात. डावीकडची चार कंपनीची, उजवीकडची त्या विशिष्ट यंत्राची. माझ्याकडे निघालं ०६सीबी:००९ए. ०६सीबी म्हणजे सिनॅप्टिक्स. लॅपटॉपचं मॉडेल विसरा, यापुढे हाच नंबर शोधायचा.

एफप्रिंटडी ज्याच्या जोरावर चालतं त्या लिबएफप्रिंट या प्रकल्पाची चालणाऱ्या रीडरांची यादी आहे. तुमचा नंबर तिथे असेल तर नशीब. एफप्रिंटडी टाका आणि खालचा बोटांचा भाग वाचा. नसेल तर कुणी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे रीडरशी बोलणारा प्रोग्राम, लिहिलाय का ते बघा. ०६सीबी:००९ए, १३८ए:००९०, १३८ए:००९७ आणि १३८ए:००९डी या चौघांसाठी पायथन-व्हॅलिडिटी आहे. दोन्हीकडे नाव नसेल तर माझं ऐका, रात्री जागवू नका. यादीतला एखादा बाहेरून लावायचा रीडर घ्या, आणि दुकानात खोक्यावरचं नाव नव्हे, जोडून नंबर बघून घ्या.

हे असं का, तर या चौघांशी बोलायची भाषा कंपनीनं कधी जाहीर केली नाही. शिवाय लॅपटॉप आणि सेन्सर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं. विंडोजमध्ये यूएसबीवरून काय येतं-जातं ते टिपून लोकांनी ती भाषा उलगडली. बोटाचा ठसा जुळवण्याचं काम सेन्सरच्या चिपमध्येच होतं, ठसेही तिथेच राहतात.

आता या चौघांपैकी रीडर असेल तर करायचं काम. जुनं यंत्र असेल तर आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा, सिक्युरिटीखाली फिंगरप्रिंटचा डेटा रीसेट करा. आधीच्या मालकाचे ठसे पुसले जातात आणि पुढची भांडणं टळतात. मग टाकलेलं एफप्रिंटडी काढा, कारण इथे त्याची जागा ओपन-एफप्रिंटडी घेतं आणि दोघं एका घरात नांदत नाहीत. उबुंटूवर ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरीनं पीपीए:यूयूनिकॉर्न/ओपन-एफप्रिंटडी हा पॅकेजांचा बाहेरचा साठा जोडा. त्या नावात सुरुवातीला यू दोनदा आहे, मी एकदाच टंकून पाऊण तास घालवला. तुमच्या उबुंटूच्या आवृत्तीसाठी तिथे पॅकेज आहे ना, तेही आधीच बघून घ्या. मग ॲप्ट अपडेट, आणि तीन पॅकेजं: ओपन-एफप्रिंटडी, एफप्रिंटडी-क्लायंट्स, पायथन३-व्हॅलिडिटी. सेन्सरला लागणारं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) विंडोजच्या ड्रायव्हरमधून उतरवून काढलं जातं, म्हणून या वेळी इंटरनेट चालू हवं.

इथे सेवा (मागे चालू राहणारा प्रोग्राम) सुरूच होत नसेल तर कारण बहुधा ओळखीचं असतं. सेन्सरशी बोलायची किल्ली लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव आणि सीरियल नंबर यांवरून बनते. जुन्या बाजारात एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या पोटात बसवलेला असू शकतो, मग किल्ली लागत नाही. पायथन३-व्हॅलिडिटी ही सेवा थांबवा, व्हॅलिडिटी-सेन्सर्स-फर्मवेअर चालवा, पायथन-व्हॅलिडिटीच्या प्लेग्राउंड फोल्डरमधलं फॅक्टरी-रीसेट चालवा, सेवा पुन्हा सुरू करा. सुडो, म्हणजे पूर्ण अधिकारानं आज्ञा चालवायचा शब्द, या सगळ्या आज्ञांच्या आधी लागेल.

एफप्रिंटडी-एनरोल चालवलं की उजव्या हाताची तर्जनी मागितली जाते. माझी पटकन नोंदली गेली. काकांची काही केल्या लागेना. चाळीस वर्षं कागदाच्या कडा त्याच बोटानं दाबून त्यावरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. रेशनच्या दुकानातही त्यांची हीच रड असते. मी एकेक बोट उजेडात धरून बघितलं. डाव्या हाताची अनामिका बरी निघाली, तिला बांधणीत फारसं काम नसतं. एफप्रिंटडी-एनरोल, पुढे हायफन एफ, पुढे लेफ्ट-रिंग-फिंगर. नोंदवताना दर वेळी बोट जरा सरकवून टेकवा, नेमकं एकाच जागी नको. हात धुतल्या-धुतल्या नको, अगदी कोरडाही नको. मग एफप्रिंटडी-व्हेरिफायनं दहा वेळा तपासा. काकांचं दहातलं सात वेळा लागलं, त्यावर त्यांनी "रेशनपेक्षा बरं" असा शेरा दिला.

आता लॉगिनशी जोडणी. दुसऱ्या टर्मिनलमध्ये सुडो हायफन आय करून रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेली, खिडकी उघडीच ठेवा, काही बिनसलं तर तीच वाचवेल. मग सुडो पॅम-ऑथ-अपडेट, फिंगरप्रिंटच्या ओळीवर स्पेस दाबून फुली, टॅब, ओके. नव्या खिडकीत सुडोची एखादी साधी आज्ञा देऊन बघा. बोट मागितलं म्हणजे जमलं.

संगणक सुरू केल्यावर पहिल्यांदा मात्र आम्ही पासवर्डच टाकतो. बोटानं आत गेलं तर साठवलेल्या पासवर्डांची कीरिंग बंदच राहते, कारण ती पासवर्डानंच उघडते, आणि मग तो पुन्हा मागितला जातो. दिवसभराच्या लॉक स्क्रीनला बोट.

झाकण मिटून उघडल्यावर चौकोन परत मुका झाला तर सिस्टमसीटीएल इनेबलनं ओपन-एफप्रिंटडी-सस्पेंड आणि ओपन-एफप्रिंटडी-रिझ्यूम या दोन सेवा चालू करा. आमचं हेच राहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर रोज काका हाका मारायचे. आणि लॅपटॉप विकायचा झाला तर डिस्क पुसून भागत नाही, ठसे सेन्सरमध्ये आहेत. बायोसमधलं ते रीसेट तेव्हाही करा.