युरिया पाण्यात फेकू नका

मुरबाड-शहापूरकडची लावणी आटपली की दरवर्षी तेच दिसतं. खाचर काठोकाठ भरलेलं, आभाळ गच्च, आणि बांधावर उभं राहून युरिया भिरकावणं चाललेलं. त्यातला निम्माही भाताला लागत नाही.

भरल्या खाचरात चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरालाच हवा मिळते. युरियाचा अमोनियम झाला की त्या थरातले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते खाली झिरपलं की बिनहवेत जगणारे दुसरे जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडतो. वरून शेवाळ: उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, पाणी अल्कधर्मी होतं, अमोनिया हवेत. मग एक मुसळधार सर आली की उरलंसुरलं ओढ्यात.

म्हणून उघडीप बघा. पाणी काढा, बेणणी (तण काढणं) करा, मग खत. 24 तासांनी पाणी धरा. शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची, त्यातलं 40 टक्के फुटव्यांच्या वेळी, म्हणजे गुंठ्याला साधारण 870 ग्रॅम युरिया. पाऊस हटत नसेल तर चार-पाच दिवस थांबा, भात मरत नाही. पाणी हिरवं-बुळबुळीत दिसलं तर त्या दिवशी पोतं उघडूच नये, हा माझा आडाखा.

लावणी राहिली असेल तर चारसूत्री पद्धतीने भात लावा: चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, 7 ते 10 सेंमी खोल, हेक्टरी 170 किलो. तिथे हवा नाही, त्यामुळे नायट्रेट होत नाही. अमोनियम मातीला धरून राहतो. कंबर मोडते, मजुरी टोचते, खरंय. पण नंतर वरून युरिया लागत नाही.

पानं पिवळी पडली की दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो, कधी युरियाच्या गोणीबरोबर गळ्यातच मारतो. घेऊ नका. आधी एक चूड उपटा. मुळं काळी, सडक्या अंड्याचा वास? पाणी तुंबलंय, चर काढा. मुळं पांढरी पण खालची जुनी पानं पिवळी? मग नत्र कमी.

बाकी कामं:
- बांध, मोऱ्या दुरुस्ती
- खेकड्यांची बिळं बुजवणं
- बांधावर गिरिपुष्पाची (हिरवळीच्या खताचं झाड) छाटकलमं
- करपा, तुडतुड्यांवर नजर (जादा युरियावर दोन्ही माजतात)
- वालासाठी रायझोबियमची (बियाण्याला चोळायचं जिवाणू खत) तजवीज: 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, पाकिटावरची मुदत बघून घ्या, उन्हात ठेवलेलं नको