नाकतोड्याचं डोकं पाण्यात बुडवलं तर?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी झूलॉजीच्या तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "नाकतोड्याचं डोकं पाण्यात धरलं आणि धड बाहेर ठेवलं, तर तो गुदमरेल का?" मी ठामपणे "हो" म्हणाले. श्वासनलिकांची आकृती मला तोंडपाठ होती, पण त्या नलिका बाहेर कुठे उघडतात हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मार्क गेले, आणि ते योग्यच होतं.

सुट्टीत जालना जिल्ह्यातल्या गावी गेले. काकूंकडे रेशीमशेती आहे. तुतीचा पाला टाकता टाकता एक मोठी अळी हातावर घेतली. पांढऱ्या अंगावर दोन्ही कडेला काळे ठिपके. मोजले तर एका बाजूला नऊ. लहानपणापासून बघत आलेले हे ठिपके म्हणजेच श्वसनरंध्रं! झुरळाला ती दहा जोड्या असतात, दोन छातीवर आणि आठ पोटावर. नाकतोडाही छाती-पोटावरच्या रंध्रांतूनच श्वास घेतो. डोक्याचा त्यात संबंधच नाही.

नव्याने झूलॉजी घेणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. आपण "श्वसन" म्हटलं की फुप्फुस आणि रक्त गृहीत धरतो. कीटकात हवा नळ्यांतूनच थेट पेशींपर्यंत जाते. नळ्यांना आतून कायटिनची, म्हणजे कीटकाच्या कवचात असणाऱ्या चिवट पदार्थाची, वळी असतात, कूलरच्या पाइपात तारेची वेटोळी असतात तशी, म्हणून त्या चेपत नाहीत. फाटे फुटत फुटत त्या इतक्या बारीक होतात की पेशींना भिडतात. ऑक्सिजन वाहण्याचं काम रक्ताकडे नाही, त्यामुळे ते काम करणारं लाल हिमोग्लोबिनही त्यात नाही, म्हणून झुरळ चिरडलं तर लाल काही दिसत नाही. पेपरात "कीटकाचं रक्त ऑक्सिजन नेतं" असं लिहिणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. डासांच्या अळ्यांवर तेल का टाकतात, तेही इथेच उलगडतं: अळी शेपटाकडची नळी पाण्याच्या वर काढून हवा घेते, तेलाने ती वाट बंद होते.

माशाचं गणित वेगळं. एक लिटर हवेत ऑक्सिजन सुमारे २१० मिली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या एक लिटर पाण्यात मात्र जेमतेम ५ मिली. एवढ्या तुटपुंज्या साठ्यातून जास्तीत जास्त काढायचा, तर कल्ल्यांत पाणी एका दिशेने आणि रक्त उलट्या दिशेने वाहावं लागतं. दोन्ही एकाच दिशेने वाहिले असते, तर अर्ध्यावर बरोबरी होऊन देवघेव थांबली असती. उलट प्रवाहात मात्र भरत आलेल्या रक्तासमोरही ताजं, त्याहून जास्त ऑक्सिजनचं पाणी येत राहतं. आकृती काढताना बाण दोन रंगांत काढा, गोंधळ होणार नाही.

एक प्रयोग जरूर करा. बाजारात कटला घेताना कल्ले फेकू देऊ नका. घरी आणून ताटलीत पाण्यात सोडा. लाल झालर मोकळी पसरते. बाहेर उचला, की सगळे धागे ओल्या ब्रशसारखे एकमेकांना चिकटतात. हवेत ऑक्सिजन भरपूर असूनही मासा का तडफडतो, हे मला त्या ताटलीत कळलं. कल्ले चिकटले की हवेला भिडणारा पृष्ठभागच उरत नाही.

मग मरळ बाजारात टबात इतका वेळ जिवंत कशी? तिला कल्ल्यांच्या वर हवेची वेगळी पोकळी असते. तिला पृष्ठभागावर येऊ दिलं नाही, तर ती पाण्यातच गुदमरते. मच्छीवाल्या मावशींना विचारून त्यांच्या टबाजवळ दहा मिनिटं उभे राहा. मरळ तोंड वर काढून हवा घेते आणि खाली जाते. दोन फेऱ्यांमधला वेळ घड्याळ लावून वहीत लिहा. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा.