सोलापूरहून परदेशी वैद्यकीय सेवेला निघताय? या चुका टाळा

चर्चच्या मंडळीतले दोन डॉक्टर, चार नर्स, एक फार्मासिस्ट आणि काही मदतनीस मिळून केनिया, युगांडा नाहीतर नेपाळच्या मिशन हॉस्पिटलात दोन आठवडे सेवा करायचं ठरवतात. पहिल्याच बैठकीत विषय निघतो तो विमानाच्या तिकिटांचा. तिकिटं सगळ्यात शेवटी काढायची असतात. आधी यजमान हॉस्पिटलकडून लेखी मागवून घ्या: कोणत्या विभागात माणूस कमी आहे, कोणत्या आठवड्यात यायचं, आणि आपण परतल्यावर त्या रुग्णांना पुढे कोण बघणार. त्यांना भूलतज्ज्ञ हवा असताना आपण चार फिजिशियन नेले, तर ताण वाढतो तो त्यांच्याच स्वयंपाकघरावर.

व्हिसा म्हणजे परवाना नव्हे

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी देशाबाहेर चालत नाही. केनियात तिथल्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून अनेकजण तसेच निघतात. पण रुग्ण तपासायचा तर नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हवीच. अर्ज यजमान हॉस्पिटलमार्फत करा आणि हातात तीन-चार महिने ठेवा. आपल्या कौन्सिलचं ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र, म्हणजे नोंदणी चालू असल्याचा आणि तक्रार नसल्याचा दाखला, मात्र वर्षभर आधी काढून ठेवू नका. ते जुनं झालं की पुन्हा काढायला लावतात. नर्सनी हेच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून घ्यायचं. मेडिकलचे विद्यार्थी सोबत असतील तर जे काम त्यांना इथं एकट्यानं करू देत नाहीत, ते तिथंही नाही.

लस आणि मलेरियाच्या गोळ्या

पीतज्वराच्या लशीत सगळ्यात जास्त घोळ होतो. भारतातून थेट केनियात उतरणाऱ्याकडे सहसा हे प्रमाणपत्र मागत नाहीत, म्हणून गट निर्धास्त राहतो. परतताना मुंबई विमानतळावर ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते, म्हणून मुंबईची एक खेप हिशेबात धरा आणि तारीख आधी ठरवा. साठीच्या पुढचे, गरोदर किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरशी बोलावं. एमएमआरसारखी (गोवर, गालगुंड, रुबेला) दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी घ्या, नाहीतर चार आठवडे थांबा. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

हेपटायटिस बी चे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. जायच्या आदल्या महिन्यात आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

‘आम्ही सोलापूरचे, मलेरिया आम्हाला नवा नाही’ हे ऐकायला बरं वाटतं. इथं राहून आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमपासून, म्हणजे मलेरियाच्या जीवघेण्या जातीपासून, संरक्षण मिळत नाही. डॉक्सिसायक्लिन 100 मि.ग्रॅ. रोज, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर पूर्ण चार आठवडे. लोक घरी पोचले की गोळी सोडतात, आणि ताप येतो तो त्यानंतर. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिका सोलून निघते. उन्हात त्वचाही भाजते.

औषधांच्या बॅगा

सगळ्यात जास्त कष्ट इथंच वाया जातात. ओळखीच्या दवाखान्यांतून एमआरनी (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी) दिलेली सॅम्पलं गोळा करून पेट्या भरायच्या, ही आपल्याकडची जुनी खोड. औषधदानाविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे नियम स्पष्ट आहेत: सॅम्पलं नकोत, रुग्णांनी परत केलेली औषधं नकोत, आणि पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. इथल्या ओपीडीत सवयीनं लिहिल्या जाणाऱ्या दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळ्या तिथल्या नर्सला ओळखीच्या नसतात, त्यांच्या आवश्यक औषधांच्या यादीतही नसतात. निमेसुलाइड ही ताप-दुखण्याची गोळी तर घरीच ठेवा.

मुलांची ड्राय सिरप नेऊ नका. पाणी घालून तयार केली की ती थोडेच दिवस टिकतात, आणि ज्या घरात उकळलेलं पाणी नाही तिथं बाटली जुलाबाचंच कारण होते. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या न्या. त्यांचं वजनही कमी.

खरं तर गोळ्या तिथंच विकत घ्याव्यात. नैरोबीत ‘मेड्स’ ही संस्था 1986 पासून चर्चच्या हॉस्पिटलांना औषधं पुरवते, आणि युगांडात ‘जॉइंट मेडिकल स्टोअर’ 1979 पासून. इथून पैसे द्यावेत, यादी यजमानाला ठरवू द्यावी. फक्त मंडळीच्या ट्रस्टचे पैसे भारताबाहेरच्या कामाला लावण्याआधी सीएला गाठा, आयकराची सूट त्यात अडकते.

तरीही जे न्याल त्याची यादी करा: जेनेरिक नाव, ताकद, संख्या, बॅच, एक्स्पायरी, किंमत. एक प्रत बॅगेत, एक हातात, एक यजमानाकडे, आणि तिथल्या औषध नियामकाची परवानगी निघण्याआधी. ट्रामाडॉल, डायझेपाम, केटामाइन ही नियंत्रित औषधं कुणाच्याही बॅगेत नकोत, भूलतज्ज्ञाच्याही. ग्लुकोमीटर द्यायचा असेल तर त्याच्या पट्ट्या तिथं मिळतात का ते आधी विचारा. पट्ट्या संपल्या की यंत्र कपाटात जातं. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, म्हणून गोळ्या बांधायला कागदी पाकिटं न्या.

रुग्णासमोर होणाऱ्या चुका

शॉकमध्ये आलेल्या तापाच्या मुलाला आपला हात आपोआप सलाइन जोरात सोडायला जातो. केनिया, युगांडा आणि टांझानियात 3,000 हून अधिक मुलांवर झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीत (2011) असं सलाइन जोरात (बोलस) दिलेल्या मुलांमध्ये पहिल्या 48 तासांत मृत्यू जास्त आढळले. जुलाबानं कोरड्या पडलेल्या मुलांना हे लागू नाही. तिथल्या वॉर्डची पद्धत विचारा आणि तीच पाळा.

शाळकरी मुलाच्या लघवीत रक्त दिसलं की आपण मूत्रमार्गाचा संसर्ग धरतो. केनियाच्या किनारपट्टीसारख्या भागात शिस्टोसोमियासिस, म्हणजे गोगलगायींच्या पाण्यातून येणारा कृमी, आधी आठवावा, औषध प्राझिक्वांटेल. व्हिक्टोरिया सरोवरात याच रोगाची आतड्यांची जात असते, म्हणून गटातल्या तरुणांनीही तिथं पोहू नये.

शिबिरात एकदाच बीपी 160 आला म्हणून महिन्याच्या गोळ्या देऊन पाठवणं हा उपचार नव्हे. थोडं बसवून पुन्हा मोजा, नोंद त्याच्या कार्डावर करा, आणि जी गोळी तिथल्या दवाखान्यात पुढेही मिळते तीच सुरू करा.

डॉ. कोटणीस सोलापूरहून 1938 साली चीनला गेले, वर्षानुवर्षं राहिले आणि चिनी बोलायला शिकले. दोन आठवड्यांच्या गटाला दुभाष्यावरच भागवावं लागतं. बोलताना दुभाष्याकडे नाही, रुग्णाकडे बघा आणि एका वेळी एकच वाक्य बोला. रुग्णाच्या लहान मुलीला दुभाषी करू नका. आणखी एक खाचखळगा: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे 7 म्हणजे त्यांचा पहिला तास. पाकिटावर ‘8 वाजता’ लिहिलंत तर रुग्ण दुपारी 2 ला गोळी घेऊ शकतो. उगवता सूर्य आणि चंद्र काढा, आणि शेजारी तेवढ्या गोळ्यांचे ठिपके.

सुई टोचली तर जागा साबण-पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढू नका. एचआयव्हीचं पीईपी, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायची औषधं, शक्यतो दोन तासांत, जास्तीत जास्त 72 तासांत सुरू व्हावं आणि 28 दिवस चालावं. ती औषधं कोणत्या कपाटात आहेत आणि रविवारी किल्ली कुणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

शेवटच्या तीन दिवसांत ठरवून करायची ऑपरेशनं लावू नका. हर्नियाला चौथ्या दिवशी ताप येतो आणि सर्जन तेव्हा विमानात असतो. प्रत्येक ऑपरेशनच्या कागदावर टाके कधी आणि कुणी काढायचे ते लिहा.

प्रार्थना आणि फोटो

आधी प्रार्थना, मग नंबर, अशी रांग लावू नका. तपासणी झाल्यावर विचारावं, ‘नको’ म्हणाले तर औषध तितक्याच आपुलकीनं द्यावं. नेपाळात धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परदेशी माणसाला नंतर देशाबाहेर काढतात. तिथं दवाखान्यात सुवार्तेची पत्रकं वाटली तर आपण सुटू, यजमान हॉस्पिटल अडकेल. उपासनेत दाखवायला रुग्णांचे फोटो काढणं तर सरळ बंद करा. इमारतीचा काढा, गटाचा काढा.

प्रवासातलं थोडं

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते, म्हणून त्याच सकाळचं विमान धरू नका. केनियाचा प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, ॲडॉप्टर लागेल. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून लोक जुलैत नैरोबीला रात्री कुडकुडतात. सोलापुरी चादर न्याच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी टिकते, पण आठवडाभर तीच खात बसलात तर यजमानांना वाईट वाटतं.

परतल्यावर ताप आला तर

पावसाळ्यात इथं ताप आला की डेंग्यू नाहीतर व्हायरल म्हणून दोन दिवस वाट बघतात. फाल्सिपेरममध्ये तेवढा वेळ नसतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आफ्रिकेतून आलोय, आणि त्याच दिवशी रक्त तपासा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी 12 ते 24 तासांनी पुन्हा, अशी एकूण तीनदा करा. गोळ्या नियमित घेतल्या असतील तरीही.